काँट्री, टीटीएमएम आणि मैत्री: शाळकरी मुलांच्या खर्चाचा अर्थ कसा लावायचा?

समोर पालक आहेत, शिक्षक आहेत, आणि मागच्या रांगेत आईवडिलांनी ओढून आणलेली चार-पाच मुलंही दिसतायत. त्यांचं विशेष स्वागत, कारण आज बोलणं त्यांच्याबद्दलच आहे.

विषय आहे हायस्कूलच्या मुलांचा खर्च आणि त्यांची जवळची नाती. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यावर काय बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण दोन महिन्यांपूर्वी आमच्या घरात एक प्रसंग घडला. तिथूनच सुरुवात करतो.

माझी नात नववीत आहे. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मुलाने, तिला फोनवरून ठरावीक रकमेपर्यंत खर्च करायची सोय करून दिलीय. एका रविवारी तो त्या महिन्याची यादी घेऊन माझ्यासमोर बसला. "बाबा, बघा ही काय उधळपट्टी." मी चष्मा लावून यादी वाचली. एकूण सतरा नोंदी होत्या. पाणीपुरी, मोमो, झेरॉक्स, फ्रेंडशिप बँड, कुणाच्या तरी वाढदिवसाची भेट, केकची काँट्री. आणि केकची काँट्री दोनदा, त्याच दिवशी, तेवढीच रक्कम. मुलगा म्हणाला, "एका केकचे दोनदा पैसे? म्हणजे एक तर फसवलं हिला कुणीतरी, नाहीतर ही आपल्याला फसवतेय."

मी आधी वेगळंच मोजलं. सतरापैकी तिच्या एकटीसाठी केलेले खर्च किती? चार. उरलेले तेरा मैत्रिणींबरोबर किंवा मैत्रिणींसाठी केलेले. आज मला जे सांगायचंय ते या तेरामध्ये आहे. या वयातल्या मुलांचा बराचसा खर्च वस्तूंवर होत नाही, नात्यांवर होतो. आपण मात्र तो वस्तूंचा खर्च समजून तपासतो. "मोमो एवढे महाग असतात का?" असं विचारतो. प्रश्नच चुकतो, मग उत्तरही चुकीचं मिळतं.

आता दुसऱ्यांदा दिलेले पैसे. नातीने ते एका मैत्रिणीच्या वाटणीचे भरले होते. मैत्रिणीच्या वडिलांचं दुकान गेल्या वर्षी बंद पडलं. ती केकला यायचं टाळत होती, म्हणून हिने गुपचूप तिचे पैसे भरले. पण गुपचूप काही राहिलं नाही. कुणी किती भरले याची यादी ग्रुपवर पडली आणि कुणीतरी खाली लिहिलं, "तिचे हिने भरलेत." त्या दिवसापासून मैत्रीण बोलेनाशी झाली. डबा दुसऱ्या बाकावर खायला लागली.

नातीने मला विचारलं, "आजोबा, मी चांगलंच केलं ना? मग ती का रागावली?"

मंडळी, पस्तीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न मला परीक्षेत काढता आला नव्हता. त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न म्हणजे आजचं व्याख्यान.

आधी थोडं मागे जाऊ. आमच्या वेळी पॉकेटमनी हा शब्द नव्हता, खाऊचे पैसे होते. नवे पैसे 1957 साली आले, तरी आम्ही पुढे कितीतरी वर्षं चार आणे, आठ आणेच म्हणत होतो. वाण्याकडे पाठवलं की उरलेली मोड आईच्या हातावर मोजून ठेवायची. अनेक शाळांत पुढे संचयिका होती, म्हणजे मुलांनी मुलांसाठी चालवलेली बचत बँक. तुमच्यापैकी काहींनी त्यात पैसे टाकले असतील.

त्या पैशाचे दोन गुण होते. पहिला, तो दिसायचा. खिशातून कमी होताना हाताला कळायचा. दुसरा गुण आपल्या लक्षात येत नाही. तो विसरला जायचा. काल तू भजी दिलीस, परवा मी पेरू दिला, हिशेब बरोबर झाला का? कुणाला ठाऊक! त्याची नोंद कुठेच नसायची.

आता यूपीआय आलं, 2016 पासून. दहा वर्षांवरच्या मुलांना बँकेने घातलेल्या मर्यादेत स्वतः खातं चालवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे. 2024 मध्ये आलेल्या यूपीआय सर्कलमुळे आपल्या खात्यातून घरच्या माणसाला मर्यादा घालून खर्च करू देता येतो. सोय चांगलीच आहे, मी तक्रार करत नाही. पण दोन्ही गुण उलटे झाले. पैसा दिसेनासा झाला आणि नोंद मात्र कायमची राहू लागली. कुणी कुणाला साठ रुपये द्यायचे आहेत ते फोन विसरत नाही. आणि मैत्रीला थोडं विसरणं लागतं. ज्या मैत्रीत पैन् पैचा हिशेब पक्का असतो, तिला आपण भागीदारी म्हणतो.

मुलांनी यावर स्वतःचा तोडगा काढलाय. त्याला ते टीटीएमएम म्हणतात. तुझं तू, माझं मी. मला हा शब्द आवडतो. त्यात स्वाभिमान आहे. कुणी कुणाच्या उपकारात नाही. पण त्यात एक न बोललेली अट असते: 'माझं मी' म्हणायला माझ्याकडे काहीतरी असावं लागतं. ज्याच्याकडे नाही त्याला टीटीएमएम म्हणजे "तू येऊ नकोस" असंच ऐकू येतं. कुणी तसं म्हणत नाही, कुणाच्या मनातही नसतं. पण तो मुलगा "घरी पाहुणे आलेत" म्हणतो, "पोट दुखतंय" म्हणतो आणि हळूहळू गळतो. शिक्षकांनी वर्गात बघावं, सहलीला, वाढदिवसाला, निरोप समारंभाला नेमकं पोट कुणाचं दुखतं.

मग दुसऱ्याने त्याचे पैसे भरावेत, हा उपाय झाला की नाही? नातीने तेच केलं. तिथे काय बिघडलं?

मार्सेल मॉस नावाचा फ्रेंच विचारवंत होऊन गेला. देणगी या विषयावरचा त्याचा निबंध 1925 च्या सुमाराचा. जगभरच्या समाजांचा अभ्यास मांडून तो म्हणतो की भेटीत तीन बंधनं असतात. देण्याचं, घेण्याचं आणि परत देण्याचं. वरून भेट मोकळी दिसते, आत ही तीन कर्तव्यं असतात. आता यासाठी आपल्याला फ्रान्सला जायची गरज नाही. शेजारणीने डब्यातून काही पाठवलं तर तो डबा आपण रिकामा परत करतो का? निदान चिमूटभर साखर तरी घालतो. का घालतो? शेजारीण साखरेवाचून अडलीय म्हणून नाही. "मीही देणारी आहे" हे सांगायचं असतं म्हणून.

बिघडलं ते इथे. मैत्रिणीचा डबा रिकामाच राहिला, आणि तो रिकामा आहे हे सगळ्या ग्रुपने पाहिलं. तिला परत द्यायची वाटच उरली नाही. ज्याला परत देता येत नाही तो मनातून खाली बसतो. तिला राग साठ रुपयांचा नव्हता. बरोबरीची जागा गेल्याचा होता.

ॲरिस्टॉटलने हे फार पूर्वी हेरलंय. त्याच्या नीतिशास्त्रात मैत्रीवर दोन अख्खी प्रकरणं आहेत, आठवं आणि नववं. नवव्यात तो एक मजेदार निरीक्षण नोंदवतो: उपकार करणाऱ्याला उपकार घेणाऱ्याबद्दल जितकं प्रेम वाटतं, तितकं घेणाऱ्याला करणाऱ्याबद्दल वाटत नाही. कवीला जशी आपली कविता प्रिय, तसा देणाऱ्याला तो माणूस प्रिय होतो. तो जणू त्याची निर्मिती असतो. पण कुणाची तरी निर्मिती व्हायला कुणाला आवडेल? चौदाव्या वर्षी तर मुळीच नाही!

त्याच ग्रंथात मैत्रीचे तीन प्रकार आहेत. उपयोगासाठी केलेली, आनंदासाठी केलेली आणि माणसाच्या चांगुलपणासाठी केलेली. तरुणांची मैत्री बहुतेक आनंदाची असते, म्हणून ती चटकन जुळते आणि चटकन तुटते, असं तो म्हणतो. पालक हे ऐकून खूश होतात, "बघा, आम्ही सांगत होतो!" थांबा. आनंदाची मैत्री कमी दर्जाची म्हणून टाकून देऊ नका. चांगुलपणाची मैत्री आकाशातून पडत नाही. कुणीतरी कुणाबरोबर तरी पाणीपुरी खात असताना, त्यातल्या एकाचे पैसे कमी पडतात, आणि बाकीचे त्या क्षणी कसे वागतात, तिथे तिचं बी पडतं. म्हणून या छोट्या खर्चांना मी क्षुल्लक मानत नाही.

वर्गमित्रांच्या दोन गोष्टी तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत. द्रोण आणि द्रुपद एकाच आश्रमात शिकले. पुढे द्रुपद राजा झाला. द्रोणाच्या घरी पोराला दूध नाही, पाण्यात पीठ कालवून द्यायची वेळ. तो मित्राकडे गेला. द्रुपद म्हणाला, मैत्री बरोबरीच्यांत असते, राजाची आणि दरिद्री माणसाची कसली मैत्री? त्या एका वाक्यातून किती सूड निघाले ते महाभारत सांगतं.

दुसरी जोडी कृष्ण आणि सुदाम्याची. सांदीपनींच्या आश्रमातले सोबती. पुढचं अंतर तेवढंच, एक द्वारकेचा राजा आणि एकाच्या घरी दाणा नाही. ही गोष्ट आपण कशी सांगतो? "कृष्णाने त्याला सोन्याची नगरी दिली." माझ्या मते गोष्टीचं मर्म त्याच्या आधी आहे. सुदाम्याने पोह्यांची पुरचुंडी लपवली होती. लाज वाटत होती. कृष्णाने ती मागून घेतली, जवळजवळ ओढूनच घेतली, आणि खाल्ली. म्हणजे आधी त्याने सुदाम्याला देणारा केलं. तोंडावर तर काहीच दिलं नाही, सुदामा रिकाम्या हातानेच परत निघाला. जे दिलं ते तो घरी पोचल्यावर, पाठीमागे, गाजावाजा न करता. देण्याची ही रीत आहे. आधी घ्या, मग द्या, आणि दिलेलं दिसू देऊ नका.

इथे मला स्वतःबद्दल एक सांगायला हवं. आमच्या वेळी अकरावी मॅट्रिक होती. तालुक्याच्या गावी शाळा. सायकल तासाने भाड्याने मिळायची. माझा एक जिवलग मित्र होता, घरचा बरा. सायकलचं भाडं तोच द्यायचा, भजी तोच सांगायचा. वर्षभर मी घेतलं. मग एकदा दुसऱ्या मुलाने मला "फुकट्या" म्हटलं. मित्र त्याच्यावर धावून गेला, पण माझ्या मनात तो शब्द रुतला. दुसऱ्या दिवसापासून मी "अभ्यास आहे" म्हणायला लागलो. महिनाभर तो घरी येऊन हाक मारायचा. आई मला म्हणायची, "अरे, जा की." मी गेलो नाही. मग तो यायचा थांबला.

पन्नास वर्षांनी शाळेच्या स्नेहसंमेलनात भेटलो. दोघांचेही केस पांढरे. त्याने पहिलं वाक्य विचारलं, "मी काय केलं होतं रे?" मला उत्तर देता येईना. मग तो म्हणाला, "तू भूमिती शिकवायचास म्हणून मी पास झालो. तू गेलास आणि मी त्या वर्षी बसलो." मला हे ठाऊकच नव्हतं! मी देत होतो, भरपूर देत होतो, पण माझं देणं पैशात नव्हतं म्हणून मी ते मोजलंच नाही. त्यानेही कधी बोलून दाखवलं नाही. दोघांनीही फक्त सायकलचं भाडं मोजलं.

नातीच्या मैत्रिणीच्या जागी मी होतो. म्हणून तिच्या प्रश्नाने मला झोप लागली नाही.

आता थोडं नाजूक बोलतो. मुलगा आणि मुलगी यांची जवळीक. आठवी-नववीपासून ती असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिथे खर्चाला आणखी एक धार येते. मोठी भेट, चॉकलेटं, टेडी, रिचार्ज. आणि कधीतरी वाक्य येतं, "मी तुझ्यासाठी एवढं केलं, आणि तू?" हे वाक्य मुलांनी आणि मुलींनी, दोघांनीही ओळखायला शिकावं. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. परतफेडीच्या अपेक्षेने दिलेलं ते राजस. कांटने 1785 च्या ग्रंथात याचंच दुसरं टोक मांडलं. वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते. ज्याला किंमत असते त्याच्या जागी तेवढ्याच किमतीचं दुसरं ठेवता येतं, माणसाच्या जागी येत नाही. भेट देऊन जो भेटीच्या बदल्यात होकार मागतो, वेळ मागतो, फोटो मागतो, पासवर्ड मागतो, तो भेट देतच नाही. तो खरेदी करतोय. भेट घेतली म्हणजे आपण काही विकलं नाही, हे आपल्या मुलांना घरात, मोकळेपणाने, आधीच सांगून ठेवा. प्रसंग आल्यावर सांगायला उशीर झालेला असतो.

आणि कर्जाबद्दल. मित्रांत तोंड राखायला मुलं उसने घेतात. कधी वर्गातल्याकडून, कधी बाहेरच्या मोठ्या मुलाकडून. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्याने बंदी आली, पण खेळातल्या वस्तू विकत घ्यायचा मोह आहेच. आपल्या 1872 च्या करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालची व्यक्ती करार करायला सक्षम नाही. तिने केलेला करार मुळातच रद्द, असा निवाडा प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली दिला. याचा अर्थ घेतलेलं बुडवावं असा नाही. मित्राचे पन्नास रुपये परत करायचेच. अर्थ एवढाच, की कुणी मुलाला कर्जाच्या धाकाने दाबत असेल तर कायदा त्या धाक देणाऱ्याच्या बाजूने नाही. मागच्या रांगेतल्यांनो, हे तुमच्यासाठी. अशा वेळी घरी सांगा. ओरडा बसेल, पण अडकून राहण्यापेक्षा तो परवडला.

मग पालकांनी करायचं काय? मी उपदेशाचा माणूस नाही, पण चार गोष्टी सुचवतो.

एक, रक्कम ठरवून द्या आणि त्या रकमेत प्रत्येक नोंदीची उलटतपासणी करू नका. "किती?" हा प्रश्न कमी करा. "कुणाबरोबर? मजा आली का? कोण आलं नाही?" असं विचारा. हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

दोन, घरची मिळकत आणि घरखर्च नववीतल्या मुलाला कळू द्या. परिस्थिती लपवल्याने मूल निर्धास्त होत नाही. अंदाज बांधत बसतं. "या महिन्यात जमणार नाही" हे वाक्य आईवडिलांनी घरात सहज उच्चारलेलं ज्याने ऐकलंय, त्याला ते चारचौघांत उच्चारता येतं. पोटदुखीचा आधार लागत नाही.

तीन, मुलांच्या भेटीगाठींची एक तरी बिनपैशाची जागा राखा. घरी येऊ द्या. पोहे करा. पसारा होईल, होऊ द्या.

चार, शिक्षकांसाठी. गणवेश आपण का ठेवला? कपड्यांवरून घर कळू नये म्हणून. मग वर्गणीलाही गणवेश हवा. सगळ्यांना जमेल एवढी छोटी रक्कम, बंद डब्यात, नावांच्या यादीविना.

आणि स्वतःकडेही बघू. लग्नात आलेल्या आहेराची वही कपाटात जपून ठेवणारे आपणच. "त्यांनी पाचशे दिले होते, आपण पाचशेच देऊ." मुलं हे बघत मोठी होतात. ॲरिस्टॉटल म्हणतो, औदार्य रकमेवर ठरत नाही, देणाऱ्याच्या ऐपतीवर आणि वृत्तीवर ठरतं. कमी देणाराही जास्त उदार असू शकतो. आहेराच्या वहीत हे लिहायला रकाना नाही.

शेवटी नातीकडे येतो. मी तिला म्हटलं, "तू चांगलंच केलंस, पण अर्धं केलंस. तू दिलंस. आता तिच्याकडून घे." ती म्हणाली, "काय घेऊ? तिच्याकडे..." आणि मध्येच थांबली. मी काही बोललो नाही. दोन दिवसांनी ती आपणहून मैत्रिणीच्या घरी गेली, संस्कृत समजून घ्यायला. ते त्या मुलीचं फार चांगलं आहे. तिथे थालीपीठ खाऊन आली. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली.

सगळं पूर्वीसारखं झालं का? अजून नाही. डबा अजून वेगळ्याच बाकावर आहे. पण परवा मैत्रिणीने हिच्या वहीतली विभक्तीची चूक लाल पेनाने खोडून, वर "बावळट" असं लिहून दिलं. नातीने ते पान मला मोठ्या अभिमानाने दाखवलं.

माझ्या मुलाने यादी तपासणं सोडलेलं नाही, वडील आहे तो. पण आता तो एकच प्रश्न विचारतो, "कोण आलं नाही?"